वीज गेल्यावर कोण उठणार?

नोकरीला लागून जेमतेम आठ महिने झाले होते. शनिवारची रात्र, साडेअकराचा सुमार. मी एका सेंटओएस ७ सर्व्हरवर सिक्युरिटी पॅच चढवत बसलो होतो आणि ‘यम’ची प्रोसेस अर्ध्यावरच अडकली. (नावातच यम आहे म्हटल्यावर दुसरं काय होणार!) दहा मिनिटं वाट पाहिली, पंधरा पाहिली आणि मग नवशिक्या माणूस जे करतो तेच केलं. किल मायनस नाइन. प्रोसेस मेली. पण त्यानंतर पॅकेजची कुठलीही कमांड दिली की उत्तर एकच. कुठलातरी थ्रेड बर्कले डीबी नावाच्या लायब्ररीत मरण पावला आहे, डेटाबेस रिकव्हरी चालवा.

सिनियरला फोन लावला.

“अरे, त्या आरपीएमच्या फोल्डरमध्ये दोन अंडरस्कोर आणि डीबी अशा नावाच्या फाइल्स असतील बघ. त्या उडव आणि रीबिल्ड मार.”

“उडवू? डेटाबेसच्या फाइल्स?”

“हो रे, असंच करतात.”

“पण का?”

“सोमवारी सांगतो. झोपू दे आता.”

फाइल्स उडवल्या, रीबिल्ड मारलं, सगळं सुरळीत झालं. सोमवारी मात्र त्याने काही सांगितलं नाही, कारण त्यालाही ते माहीत नव्हतं. त्याला त्याच्या सिनियरने सांगितलं होतं. एखाद्या मंत्रासारखी ती कमांड तोंडोतोंडी चालत आलेली. आणि त्या रात्रीच्या रिपोर्टमध्ये ‘कारण’ या रकान्यात लिहिलं गेलं, ऑपरेटरची चूक.

ऑपरेटर म्हणजे मी. चूक माझी होतीच, नाही म्हणत नाही. पण एक प्रोसेस मेल्यावर अख्खा डेटाबेस का आडवा पडावा, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. पुढे कित्येक वीकएन्ड त्याच्यामागे लागलो. जे हाती लागलं ती गोष्ट बरीच जुनी निघाली, आणि माझ्या मते सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे.

सुरुवात १९७९ची. युनिक्सचा एक जनक केन थॉम्पसन याने एटी अँड टीमध्ये ‘डीबीएम’ नावाची छोटीशी लायब्ररी लिहिली. किल्ली द्या, त्या किल्लीशी जोडलेली माहिती घ्या. बास. एसक्यूएल नाही, टेबलं नाहीत, वेगळा सर्व्हर नाही. तुमच्याच प्रोग्रॅमच्या पोटात बसणारा कोड. १९८६मध्ये बर्कले विद्यापीठाच्या ४.३ बीएसडी युनिक्समध्ये याची सुधारलेली आवृत्ती आली, ‘एनडीबीएम’.

पण बर्कलेच्या मंडळींना आपल्या युनिक्समधला एटी अँड टीचा कोड काढून टाकायचा होता, कारण त्याला लायसन्स लागायचं. त्या साफसफाईत डीबीएमला पर्याय हवा झाला. मार्गो सेल्ट्झर आणि ओझान यिगित यांनी हॅशिंगचं नवं पॅकेज लिहिलं आणि १९९१च्या युझनिक्स परिषदेत त्यावर निबंध वाचला. कीथ बॉस्टिक आणि माइक ओल्सन हे त्यातले आणखी दोन खांब. यातून जे तयार झालं ते बर्कले डीबी. फुकट, छोटं, आणि कमालीचं वेगवान.

मग नेटस्केप आली. त्यांना आपल्या डिरेक्टरी सर्व्हरसाठी हीच लायब्ररी हवी होती, पण ट्रान्झॅक्शन आणि रिकव्हरीसकट. त्या मागणीवर सेल्ट्झर आणि बॉस्टिक यांनी १९९६मध्ये ‘स्लीपीकॅट सॉफ्टवेअर’ ही कंपनी काढली. झोपाळू मांजर! पुढचं वाचताना हे नाव लक्षात ठेवा, कारण या मांजरीने झोप मात्र दुसऱ्यांची उडवली.

इथे एक मिनिट थांबून रिकव्हरी म्हणजे काय ते बघू. आपल्याकडचा जुना दुकानदार आधी रोजकीर्दीत व्यवहार लिहायचा आणि मग सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचा. खतावणी लिहिता लिहिता दिवा गेला तरी चिंता नाही. सकाळी कीर्द उघडायची, कुठपर्यंत चढवलं ते बघायचं, राहिलेलं पुरं करायचं. डेटाबेसमध्ये कीर्दीला लॉग म्हणतात आणि ‘आधी कीर्द, मग खतावणी’ या नियमाला राइट-अहेड लॉगिंग. आयबीएममध्ये सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२मध्ये ‘एरीज’ नावाने ही पद्धत इतकी पक्की बांधून दिली की आजचे बरेच मोठे डेटाबेस त्याच वाटेने जातात. (मोहन मूळचे भारतीय, आयआयटी मद्रासचे. आपली कॉलर थोडी ताठ करायला हरकत नाही.)

तेव्हा बर्कले डीबीकडेही लॉग होता. रिकव्हरीही होती, आणि उत्तम होती. प्रश्न वेगळाच होता. कीर्द उघडून राहिलेलं पुरं करायचं ते कुणी? आणि कधी?

नेटस्केपच्या डिरेक्टरी सर्व्हरमध्ये याचं उत्तर सोपं होतं. डेटाबेस वापरणारा मालक एकच, तो सर्व्हर. तो पडला तर पुन्हा उठताना आधी रिकव्हरी चालवेल, मग दुकान उघडेल. पण ज्या घरात मालक एक नाही, येणारे-जाणारे अनेक, तिथे काय?

असं घर म्हणजे सबव्हर्जन. आज गिटच्या जमान्यात हे नाव ऐकून काही जण हसतील, पण २००४च्या फेब्रुवारीत सबव्हर्जन १.० आलं तेव्हा सीव्हीएसला कंटाळलेल्या जगाने सुटकेचा निःश्वास टाकला होता. आणि पहिल्या आवृत्तीत रिपॉझिटरी ठेवायला बॅकएन्ड एकच, बर्कले डीबी. निवड कागदावर बिनतोड होती. ट्रान्झॅक्शन आहेत, लॉग आहे, वर्षानुवर्षं वापरून घासलेला कोड आहे, फुकट आहे. मी असतो तर मीही तेच निवडलं असतं.

प्रत्यक्षात काय झालं? त्या रिपॉझिटरीत अपाचीच्या अनेक प्रोसेस शिरत, शिवाय मशीनवर थेट लॉगिन करून काम करणारेही शिरत. प्रत्येकजण लायब्ररी पोटात घेऊन येणार, लॉक घेणार, काम करून जाणार. कोणता लॉक कुणाकडे आहे याची नोंद सामायिक मेमरीत. आता एखादी प्रोसेस लॉक हातात असतानाच मेली तर? किल्ली खिशात घेऊन माणूस गेला, कुलूप तसंच. पुढचे सगळे दाराशी रांग लावून उभे. कुणी एरर देतो, कुणी नुसताच लटकतो. यासाठी सबव्हर्जनच्या मंडळींनी शब्दच ठरवला होता, रिपॉझिटरी ‘वेज’ झाली. म्हणजे पाचर बसली.

बरं, मरायलाही हवं असं नाही. एखाद्याच्या लॉगिनचा यूमास्क कडक असला की त्याच्या हातून तयार झालेली नवी लॉग-फाइल बाकीच्यांना लिहिता येत नसे. झालं, बसली पाचर. उपाय एकच. ॲडमिनने सगळ्यांना बाहेर काढायचं, कुणी आत नाही याची खात्री करायची आणि मग रिकव्हर कमांड चालवायची. कुणी आत राहिलं असताना चालवली तर असलेला डेटाही बिघडू शकतो. डेटा सहसा जात नसे, हे खरं आहे. पण तो परत हाती येण्यासाठी एक जागा माणूस लागायचा.

त्याच वर्षी, २००४च्या सप्टेंबरमध्ये, १.१ आवृत्तीबरोबर दुसरा बॅकएन्ड आला, ‘एफएसएफएस’. डेटाबेस वगैरे काही नाही, साध्या फाइल्स. प्रत्येक रिव्हिजनची एक फाइल. कमिट बाजूच्या फोल्डरमध्ये तयार होणार आणि पूर्ण झाल्यावरच नाव बदलून जागेवर जाणार, मग ‘सध्याची रिव्हिजन अमुक’ ही नोंद पुढे सरकणार. मध्येच वीज गेली? अर्धवट फोल्डर कोपऱ्यात पडून राहील, पण वाचणाऱ्याला ते दिसणारच नाही. पाचर नाही, रिकव्हरीसाठी सगळ्यांना बाहेर काढणं नाही. बर्कले डीबीला नेटवर्कवरची डिस्क चालत नसे, याला तीही चालायची.

नवा कोड म्हणून लोक आधी बिचकले. ‘साध्या फाइल्स’ म्हटलं की आपल्या इंजिनियर मनाला जरा हलकंच वाटतं ना! पण मे २००५मध्ये १.२ आली आणि एफएसएफएस डिफॉल्ट झालं. पुढे बर्कले डीबीने ४.४ आवृत्तीत आपोआप रिकव्हरी करण्याची सोय दिली, २००६मध्ये सबव्हर्जन १.४ने ती वापरलीही. म्हणजे दुखणं बरं झालं होतं. पण तोवर लोक घर बदलून गेले होते. २०१३च्या १.८ आवृत्तीत बर्कले डीबी बॅकएन्ड अधिकृतपणे मोडीत काढायच्या यादीत गेला.

दुसरं घर ओपनएलडॅप. कंपनीतल्या सगळ्यांचे लॉगिन ज्यावर उभे असतात ते हे. तो बंद पडला की सकाळी कुणालाच काही उघडता येत नाही, आणि ॲडमिनला मात्र सगळे शोधून काढतात. :) २००२च्या २.१ आवृत्तीपासून त्याचा मुख्य बॅकएन्ड बर्कले डीबीवर होता. इथे मालक एकच, तेव्हा पाचरीचा त्रास कमी. पण कॅश किती, लॉक किती, जुने लॉग कधी काढायचे, हे सगळं एका वेगळ्या फाइलीत हाताने जमवावं लागे. आकडे चुकले की सर्व्हर रडतखडत चालायचा.

शेवटी ओपनएलडॅपचे मुख्य आर्किटेक्ट हॉवर्ड चू यांनी २०११मध्ये स्वतःचाच बॅकएन्ड लिहिला, एलएमडीबी. त्याची युक्ती मला फार आवडते. यात कीर्दच नाही, कारण जुन्या पानावर कधी खाडाखोडच करायची नाही. बदल नव्या पानावर लिहायचा आणि शेवटी ‘खरं पान हे’ असं सांगणारी नोंद बदलायची. अशा नोंदी दोन, आळीपाळीने वापरायच्या. अर्ध्यात वीज गेली तर आधीची नोंद शाबूत असतेच. त्यामुळे पडल्यावर रिकव्हरी म्हणून वेगळं काही करावंच लागत नाही. फुकट काहीच मिळत नसतं, तेव्हा याचीही किंमत आहे. एका वेळी लिहिणारा एकच, आणि फाइल जास्तीत जास्त केवढी होऊ शकते हे आधी सांगून ठेवावं लागतं. पण ही किंमत दिवसाउजेडी, विचार करून मोजायची आहे. रात्री तीन वाजता नाही. २०२१मध्ये आलेल्या २.५ आवृत्तीतून बर्कले डीबीचे बॅकएन्ड काढूनच टाकले गेले.

आता माझ्या शनिवारच्या रात्रीकडे. आरपीएम म्हणजे रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सचं पॅकेज-दप्तर. कोणती पॅकेजं बसवली आहेत त्याची नोंद वर्षानुवर्षं बर्कले डीबीत. पण आरपीएमने ती अशा साध्या पद्धतीत वापरली होती की जिथे लॉक आहेत, पण ट्रान्झॅक्शन नाहीत आणि लॉगही नाही. खतावणी आहे, कीर्द नाही. मला स्क्रीनवर जो सल्ला मिळाला, ‘डेटाबेस रिकव्हरी चालवा’, तो त्या लायब्ररीचा छापील सल्ला होता. चालवायला कीर्दच नव्हती!

आणि त्या दोन अंडरस्कोरवाल्या फाइल्स? तो डेटा नव्हताच. ती लॉकची सामायिक पाटी होती, मेलेल्या माणसाच्या खिशातली किल्ली. ती पुसली की दार उघडायचं. रीबिल्ड केलं की मुख्य फाइलीतल्या नोंदींवरून डेटाबेस पुन्हा नव्याने रचला जायचा. म्हणजे मंत्र खरा होता. फक्त एक अट त्यातून गळून गेली होती. त्या क्षणी दुसरी कुठलीही प्रोसेस आत नको. मी त्या रात्री ते तपासलंच नव्हतं. वाचलो ते नशिबाने.

दरम्यान मांजरीचंही नशीब फिरलं होतं. फेब्रुवारी २००६मध्ये ओरॅकलने स्लीपीकॅट विकत घेतली. २०१३मध्ये बर्कले डीबी ६चं लायसन्स बदलून एजीपीएल झालं. ते अनेक ओपन सोर्स प्रकल्पांना झेपणारं नव्हतं, म्हणून बरीच लिनक्स वितरणं ५.३वरच थांबली. कोड तिथेच गोठला. शेवटी ऑक्टोबर २०२०मध्ये आलेल्या फेडोरा ३३ने आरपीएमचा बॅकएन्ड बदलला. कारणं उघड लिहिली होती. जुनी आवृत्ती आता कुणी सांभाळत नाही, नवीचं लायसन्स चालत नाही, आणि ट्रान्झॅक्शन नसल्याने भरवसाही नाही. २०२२च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९मध्येही तोच बदल आला.

नवा बॅकएन्ड कोणता? एसक्यूलाइट. आणि इथे गोष्ट गंमतशीर वळण घेते. एसक्यूलाइट लिहिणारे रिचर्ड हिप २०००च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या एका विनाशिकेसाठी सॉफ्टवेअर करत होते. डेटाबेस होता इन्फॉर्मिक्स, वेगळ्या सर्व्हरवर. तो सर्व्हर बंद असला की यांचा प्रोग्रॅम नुसता ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ असं सांगायचा आणि बोलणी मात्र हिप यांनी खायची. तेव्हा त्यांना वाटलं, मध्ये हा सर्व्हर हवाच कशाला? त्यातून एसक्यूलाइट जन्मलं. त्याची पहिली आवृत्ती माहिती साठवायला काय वापरायची? जीडीबीएम, म्हणजे केन थॉम्पसनच्या त्या १९७९च्या डीबीएमचा ग्नू अवतार! त्यात ट्रान्झॅक्शन नव्हते, म्हणून २००१मध्ये हिप यांनी स्वतःचा बॅकएन्ड लिहिला. एकाच आजोबांचे दोन नातू, आणि वीस वर्षांनी धाकट्याने थोरल्याची जागा घेतली.

एसक्यूलाइटमध्ये ‘कोण उठणार’ याचं उत्तर कोडमध्येच आहे. लिहिताना कुणी मेला तर बाजूला जर्नलची फाइल उरते. त्यानंतर जो पहिला दार उघडेल तो ती बघतो, आधी घर आवरतो आणि मग आपलं काम करतो. लॉकही ऑपरेटिंग सिस्टिमचे, प्रोसेस मेली की आपोआप सुटणारे. ॲडमिनला फोन करायची गरज नाही.

अर्थात हे सगळं एका विश्वासावर उभं आहे. डिस्कवर लिहिलं असं सिस्टिमने सांगितलं तर ते खरंच लिहिलेलं असतं, हा तो विश्वास. २०१८मध्ये पोस्टग्रेसच्या मंडळींना कळलं की लिनक्सवर एकदा लिहिणं फसलं तर एफसिंक ती चूक एकदाच सांगतो, आणि पुन्हा विचारलं की ‘झालं’ म्हणतो. पोस्टग्रेस पुन्हा विचारत असे आणि त्या ‘झालं’वर विसंबत असे. फेब्रुवारी २०१९च्या दुरुस्तीनंतर तो एफसिंक फसला की तिथेच प्राण सोडतो आणि उठून लॉगवरून सगळं पुन्हा रचतो. म्हणजे संशय आला तर मरा, कारण नीट उठता येतं याची खात्री आहे. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

एवढं सगळं वाचून हाती काय आलं? बॅकएन्ड निवडताना आपण सेकंदाला किती व्यवहार होतात याचे आलेख बघतो. सबव्हर्जनवाल्यांनी काही वाईट निवडलं नव्हतं. त्यांनी चांगल्या दिवसांचा हिशोब केला होता. वाईट रात्रीचा हिशोब ॲडमिनच्या नावावर आपोआप लिहिला गेला, आणि रिपोर्टमध्ये त्याचं नाव ‘ऑपरेटरची चूक’ असं पडलं.

गेल्या महिन्यात आमच्या टीमला एक छोटी सेवा उभी करायची होती. कोणत्या सर्व्हरचं सर्टिफिकेट कधी संपतंय याची नोंद ठेवणारी. नवीन आलेला मुलगा तीन डेटाबेसचे वेगाचे आलेख घेऊन आला. मी म्हटलं, आलेख राहू दे, आधी प्रत्येकावर लिहिणं चालू असताना प्रोसेस वीसदा मार, टेस्ट मशीन पाचदा खाडकन बंद कर, आणि दरवेळी आपल्याला हाताने काय करावं लागलं ते लिहून काढ. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. पण केलं त्याने. तीनही डेटाबेस स्वतःचे स्वतः उभे राहिले. मग त्यातल्या सर्वांत साध्याला, एसक्यूलाइटला, पसंती दिली. एकच मशीन, एका वेळी लिहिणारा एकच, तेव्हा पुरेसं होतं. चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करायची नाही, त्याच्याच बॅकअप कमांडने घ्यायची, हे ठरवलं. आणि तो बॅकअप परत चढवून बघितला, कारण न चढवलेला बॅकअप म्हणजे नुसती आशा.

मग सूचनांच्या पानावर ‘बंद पडल्यास’ या मथळ्याखाली एक ओळ लिहिली. ‘पुन्हा सुरू करा. कुठलीही फाइल उडवू नका.’

त्या मुलाने वाचलं आणि विचारलं, “पण का?”

सोमवारपर्यंत थांबवलं नाही. चहा मागवला आणि १९७९पासून सुरुवात केली.